ओढ्याअलीकडचं माहेर

"घ्या तुमची लेक!" असं म्हणत धोंडुबाईंनी हातातली पिशवी ओट्यावर आदळली, आणि आत स्टोव्हवर सुया उकळत बसलेल्या मीनाबाई तशाच उठून दारात आल्या. पुढं विहीणबाई, आणि त्यांच्या मागं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, आठ महिन्यांचं पोट दोन्ही हातांनी सावरत उभी असलेली त्यांची एकुलती एक गौतमी!

पंधराच दिवसांपूर्वी त्या स्वतः कसबा बावड्याला लेकीच्या सासरी जाऊन आल्या होत्या. तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तेव्हा आत लालीचा मागमूस नव्हता, नखं पांढरी पडली होती, दोन पावलं चालली तरी धाप लागत होती. बारा वर्षं डोंगरातल्या उपकेंद्रात नर्स म्हणून काढलेल्या बाईला आणखी काय सांगायला हवं होतं? त्यांनी विहीणबाईंचे हात धरून विनवलं होतं की पोरीच्या अंगात रक्त नाही, तिला इथंच ठेवा, मोठा दवाखाना इथनं रिक्षाच्या अंतरावर आहे, मी रजा टाकून येईन आणि तुमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पडून राहीन.

"विहीणबाई, मी काय सांगून आल्ते तुम्हांस्नी?"

"सांगितलं हुतंसा, व्हय. पर पहिलं बाळंतपण माहेरात हुतंय, ही काय मी काढलेली रीत न्हवं. गल्लीतल्या बायका माझ्या तोंडावर बोलाय लागल्या. आई सरकारी नर्स, सगळ्या डोंगराची बाळंतपणं करती, आणि पोटच्या पोरीचं तेवढं सासूच्या गळ्यात टाकलं म्हणं! चला, मला तीनची एस्टी गाठायची हाय."

कातळवाडी म्हणजे गगनबावड्याच्या अंगाला डोंगराच्या कुशीत बसलेली तीस-पस्तीस घरांची वस्ती. डांबरी रस्त्याच्या फाट्यापासून दीड तास चालत, मध्ये एक ओढा, ओढ्यावर लाकडी साकव. १९९० सालचा जुलै सरत आलेला, आणि तिकडचा पाऊस एकदा बसला की महिना-महिना उठत नाही. असल्या वाटेनं आठ महिन्यांच्या गरोदर पोरीला चालवत आणलेली! मीनाबाईंचा संताप मस्तकात गेला, त्या बोलणार एवढ्यात गौतमीनं त्यांच्या गळ्यात हात टाकले.

"आई, ऱ्हाऊ दे की मला हितं... तिथं मला झोप येत न्हाय गं!"

खरं सांगायचं तर तेव्हाच तिला पाठीवर घ्यायला हवं होतं, चार धनगरांना हाक मारून झोळीत घालायला हवं होतं, आणि त्याच तीनच्या एसटीत बसवायला हवं होतं. मीनाबाईंना ते कळत होतं. पण नवरा गेल्यापासून त्या दोन खोल्यांत त्यांनी एकटीनं काढलेली वर्षं, आणि गळ्यात पडलेले ते गरम हात...! मन म्हणालं, चारशे बायकांची सुटका या हातांनी केली, आपल्या लेकीची नाही होणार? त्यांनी विहीणबाईंना चहा पाजून वाटेला लावलं, आणि चूल पेटवून लेकीच्या पायावर ऊन पाणी घातलं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. तीन दिवसांपूर्वी ओढ्यानं साकव नेला होता. वस्तीतली म्हातारी सुईण तानाबाई मदतीला आली, आणि दहाच्या सुमाराला मुलगी झाली, गोरीपान आणि रडकी. मीनाबाईंनी नाळ कापली, नातीला तानाबाईंच्या हातात दिलं, वार पडली, सगळं कसं पुस्तकात लिहिल्यासारखं... आणि मग रक्त थांबेना. इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, फडकी लावली, खाटेचे पाय विटांवर चढवले. दुसऱ्या कुठल्या धडधाकट बाईनं तेवढं रक्त गेलेलं सोसलं असतं. गौतमीच्या अंगात मुळात होतंच किती?

वस्तीतल्या पिराजी धनगरानं आणि आणखी तिघांनी घोंगड्याची झोळी करून तिला उचललं. भर पावसात ते चौघे धावत होते आणि मीनाबाई लेकीच्या पोटावर मूठ दाबून झोळीबरोबर धावत होत्या. ओढ्याशी आले तर पाणी छातीच्या वर! पिराजी दोर कमरेला बांधून उतरला, दोनदा पाण्यानं त्याला उलटून फेकलं, तिसऱ्यांदा तो पलीकडं पोचला आणि त्यानं दोर झाडाला बांधला. "बाई, आता आणा!" असं तो ओरडला तेव्हा मीनाबाईंनी लेकीच्या मनगटावरचं आपलं बोट काढून घेतलं होतं.

"आता न्हाय आणायचं, पिराजी. ये माघारी."

दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर प्रसेनजीत आईला घेऊन आला. गौतमीचा नवरा, साखर कारखान्यात फिटर, वय जेमतेम पंचवीस. बायकोचा देह बघून तो आधी रडला नाही, ओरडलाच.

"मामी, तिला हितं आणायची काय गरज हुती? आमच्या उशाला एवढा मोठा दवाखाना! आई म्हणाली, मामींनीच हट्ट धरलाय, माझ्या लेकीचं बाळंतपण मीच करणार म्हणून. एवढी मिजास! चारशे बाळंतपणं केली म्हणून मिरवायचं हुतं व्हय तुम्हांला?"

मीनाबाईंनी मान वर केली. त्यांनी हट्ट धरला होता? त्यांनी...? कोपऱ्यात धोंडुबाई बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर एका दिवसाची नात होती, शेळीच्या दुधात बुडवलेली कापसाची वात त्या तिच्या ओठांना लावत होत्या, आणि त्यांचा चेहरा मेलेल्या माणसापेक्षा पांढरा झाला होता. दोघींची नजर भेटली. लेकाला आपण काय सांगितलं होतं हे त्या म्हातारीच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं, आणि त्याच डोळ्यांत एक याचनाही होती, इतकी दीन की मीनाबाईंना बघवेना.

एक वाक्य पुरे होतं. पण ते वाक्य बोललं की हा तापट पोरगा आईला घराबाहेर काढणार, आणि मग या मुठीएवढ्या जिवाला वाढवणार कोण? बाप पाळीवर, आजी डोंगरात. धोंडुबाईंनी वात बदलली, पोरीची मान अलगद वर केली, आणि पोर चुटुचुटु चोखायला लागली. हात चांगला होता बाईचा. मीनाबाईंनी ते बघितलं, आणि ओठ मिटून घेतले.

"चुकलं माझं, पावणं," एवढंच त्या म्हणाल्या.

"चुकलं? माणूस गेलं माझं! या पोरीचं तोंड तुम्हांला परत दिसणार न्हाय, ध्यानात ठेवा."

तो शब्दाचा पक्का निघाला.

मीनाबाईंना खालच्या गावात बदली मिळत होती. त्या गेल्या नाहीत. पुढच्या पावसाळ्याआधी त्यांनी फाट्यावर, म्हणजे ओढ्याच्या अलीकडं, डांबरी रस्त्याला लागून असलेलं एक दोन खोल्यांचं कौलारू घर भाड्यानं घेतलं आणि वाड्यावस्त्यांवर सांगत फिरल्या की ज्या बाईचे दिवस भरत आलेत तिनं पंधरा दिवस आधी इथं येऊन राहायचं, इथनं दवाखान्याची गाडी मिळते, मध्ये ओढा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि एक बाई आली नाही. दवाखान्याला जायचं म्हणजे मरायला जायचं, अशी समजूत. त्यातून परक्याचं घर, तेही यांचं! अडीअडचणीला यांच्या हातची सुई चालत होती, पण यांच्या चुलीवरचा भात चालेल की नाही, याचा वाड्यांवर अजून जातीवरून खल चालू होता.

शेवटी तानाबाईंनीच वाट दाखवली. तंबाखू मळत म्हातारी म्हणाली, "बाई, तुमी दवाखान्याला चला म्हणतायसा, मग कोण येतंय? माहेराला चला म्हणा की! मुराळी आला तर सासू कशी न्हाय म्हणंल?"

मुराळी म्हणजे लेकीला माहेरी न्यायला येणारा माणूस, भाऊ नाहीतर चुलता. दाराशी आलेल्या मुराळ्याला हात हलवत माघारी पाठवणं म्हणजे सोयरिकीचा अपमान, हे डोंगरात शेंबडं पोरही जाणतं. मीनाबाईंनी पिराजीला धुतलेलं धोतर आणि फेटा दिला, हातात नारळ आणि चोळीचा खण दिला, आणि पहिल्या घरी पाठवलं. पिराजी त्या सासूसमोर जाऊन गंभीरपणानं म्हणाला, "फाट्यावरच्या आईनं सांगावा धाडलाय. लेकीला बाळंतपणाला न्यायला आलोय." सासू बघत राहिली, हसली, चिडली, शेजारणीला विचारून आली, आणि सुनेचं गाठोडं बांधायला लागली. ती सून येताना आपलं पातेलं आणि तांदूळ घेऊन आली. चौथ्या दिवशी पाठ भरून आली तेव्हा तिनं मीनाबाईंच्या चुलीवरची पेज मागून प्यायली. पुढं पुढं तर पोरी नुसत्या हातानं यायला लागल्या, "आई, भूक लागलीया" म्हणत.

अशी अठरा वर्षं! किती लेकी आल्या आणि ओटी भरून गेल्या. सगळ्या वाचल्या असं नाही. दोघी गेल्या, आणि त्या दोन्ही दिवशी मीनाबाईंना पुन्हा तो ओढा दिसला. पण साऱ्या डोंगराची आई झालेल्या या बाईला आपली एकच नात कशी दिसते हे ठाऊक नव्हतं. एकदा जिल्हा परिषदेत मीटिंगला गेल्या असताना त्या पाय वळवून कसबा बावड्याच्या शाळेसमोर जाऊन उभ्या राहिल्या. शाळा सुटली. निळ्या फ्रॉकांचा लोंढा बाहेर पडला, आणि त्या एकेक चेहरा बघत राहिल्या... ही असेल का? ही, दोन वेण्यांची? का ही, कुणाशी तरी भांडत चाललेली? नाव साक्षी ठेवलंय एवढं कानावर आलं होतं. हाक मारली असती तर एखादी तरी वळली असती. पण पोरीला घरात काय सांगितलं असेल या विचारानं जीभ उचलली नाही, आणि त्या चारच्या एसटीनं परत आल्या.

२००९ च्या नोव्हेंबरातली दुपार होती. मीनाबाई निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, तरी फाट्यावरचं घर चालूच होतं. नवी नर्स लसीकरणाला वरच्या वाडीत गेली होती, आणि आत पिराजीची सून कळा देत होती. एक जीप येऊन दारात थांबली. उतरलेल्या माणसाचे केस पांढरे झाले होते, तरी चाल तीच.

"मामी..." प्रसेनजीत अंगणातच उभा राहिला. "आईनं सांगितलं. सगळं सांगितलं."

मीनाबाईंनी खांब धरला.

"साक्षीचं लग्न झालं औंदा, शिवाजी पेठेत दिली. आठवा लागलाय तिला. परवा मी म्हणालो, पहिलं बाळंतपण हाय, पोरीला घरी आणू. तर आई माझ्या पायावर पडली. म्हणाली, तुझी बायको मी धाडलीती डोंगरात, मामी नगं नगं म्हणत हुत्या, आणि तुला मी खोटं सांगितलं..." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "एकोणीस वर्षं, मामी! एक शब्द बोलायचा हुता!"

"बोलले असते तर तुमी आईला घरात ठेवलं असतंसा?"

त्याची मान खाली गेली.

"मग पोर कुणी वाढवली असती? आणि तुमच्या आईवर सगळं टाकू नगा. गौतमी हितं दारात आली तवा मला आनंद झाला हुता, पावणं. लई आनंद झाला. तिला त्याच पावली माघारी पाठवायची हुती. कळत असून मी न्हाय पाठवली. तुमची आई खोटं बोलली, आणि मी..." त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

तेवढ्यात जीपचं मागचं दार उघडलं, आणि एक पोरगी पोट सावरत, हातात पिशवी घेऊन, हळूहळू त्यांच्यापाशी आली. गौतमीचीच उंची, गौतमीचंच कपाळ...

"आज्जी, मी साक्षी," ती म्हणाली, आणि गळ्यातच पडली. "मी हितंच ऱ्हाणार. माझं बाळंतपण तुझ्याच हातनं करायचं. पप्पांना सांगून आलीया मी."

अरे, याच क्षणासाठी तर एकोणीस वर्षं जगले! मीनाबाईंनी तिला अशी घट्ट धरली की हात सोडवेनात. तिच्या केसांचा वास घेतला, पाठीवरनं हात फिरवला, गाल चाचपले... आणि चाचपता चाचपता त्यांची बोटं थांबली. गाल फुगलेले होते. त्यांनी खाली बघितलं. पायांवर सूज, बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला.

"डोकं दुखतंय?"

"सकाळपासनं ठणकतंय. आणि डोळ्यांपुढं काजवे चमकल्यागत हुतंय. प्रवासानं असंल."

मीनाबाईंनी आतून रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं, दंडाला पट्टा बांधला, पारा बघितला, पट्टा सोडला आणि परत बांधून बघितला. मग त्यांनी घाईनं एक चिठ्ठी खरडली, साक्षीच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि जीपमध्ये नेऊन टाकली.

"पावणं, हिचं बीपी लई चढलंया, हिला माघारी न्या. आत्ताच्या आत्ता. घरी न्हाय, थेट मोठ्या दवाखान्यात. ही चिठ्ठी दाखवा. वाटंत झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नगा."

"आज्जी!" साक्षीचे डोळे विस्फारले. "मी आत्ता आलीया! एक घोट पाणी सुदिक..."

"जीपमध्ये पी."

"जन्मात पहिल्यांदा तुझ्या दारात आले, आणि हाकलतीयास मला?"

"व्हय. हाकलतीया!" मीनाबाई ओरडल्या, आणि त्यांचा आवाज असा फाटला की आतली पिराजीची सूनही कण्हायची थांबली. "ऊठ म्हणते न्हवं! चल!"

"मग तू तरी चल संगट..."

आतून किंकाळी आली. पिराजीच्या सुनेची सुटकेची वेळ आली होती, आणि त्या घरात दुसरं कुणी नव्हतं. मीनाबाईंनी दाराकडं बघितलं, जीपकडं बघितलं. काळजाचे दोन तुकडे होणं म्हणजे काय, ते त्या बाईला त्या दुपारी कळलं! त्यांनी नातीच्या तोंडावरून हात फिरवला, जीपचं दार बाहेरून लावलं आणि वळून आत गेल्या. साक्षी काचेतून रडत बघत होती, हे त्यांनी बघितलं नाही. बघितलं असतं तर जीप गेली नसती.

पिराजीच्या सुनेला तिन्हीसांजेच्या आत मुलगा झाला. आजोबा झालेल्या पिराजीनं साखर वाटली, आणि मीनाबाईंनी ती हातात घेऊन तशीच ठेवून दिली.

सकाळी सातला मोबाइल वाजला. प्रसेनजीत होता.

"मामी, गाडीतच झटका आला. दवाखान्याच्या दारात पोचलो आणि लगेच ऑपरेशन केलं. पोरगी वाचली... बाळ न्हाय वाचलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर पोरगीबी गेली असती."

मीनाबाई पहिल्या एसटीनं निघाल्या. वाटेत रडू आलं नाही. त्यांना एकच धास्ती होती, की पोरगी तोंड फिरवून घेईल. बाळ गेलं. आजीनं दारातनं हाकललं, हेच तिच्या मनात राहिलं तर तिला दोष कसा द्यायचा?

साक्षी भिंतीकडं तोंड करून पडली होती. खाटेपाशी स्टुलावर धोंडुबाई बसल्या होत्या, वाळून काटकी झालेल्या. मीनाबाईंना बघताच त्या धडपडत उठल्या, वाकल्या आणि त्यांच्या पायांशी हात नेला. मीनाबाईंनी त्यांना मध्येच धरलं.

"नगा विहीणबाई. पोर चांगली वाढवलीसा तुमी."

"तुमी जितं ठेवलंसा मला," धोंडुबाई पुटपुटल्या. "माझ्या लेकाच्या घरात, माझ्या नातीजवळ... तुमचं सगळं माझ्या पदरात टाकलंसा, आणि मी ते गिळून बसले गं बाई!"

आवाज ऐकून साक्षी वळली. तिचे डोळे कोरडे होते. तिनं बराच वेळ आजीकडं बघितलं, आणि मग सलाइनचा हात सांभाळत अंग चोरून घेतलं, खाटेवर वीतभर जागा केली. मीनाबाई तिथं टेकल्या. साक्षीनं डोकं त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"हाकललंस म्हणून वाचले ना गं मी?"

मीनाबाईंनी नुसती मान हलवली.

"माझ्या आईलाबी असंच झालं असंल... आज्जी, माझी आई कशी हुती? घरात कुणी तिचं नावच घेत न्हाय. मी इचारलं की पप्पा उठून जात्यात. मला तिचं काहीच ठाऊक न्हाय. एक गोष्टबी न्हाय."

मीनाबाईंनी तोंड उघडलं. कितीतरी गोष्टी होत्या, एकोणीस वर्षं रोज घोकलेल्या, आणि त्यांतली एकही बाहेर येईना.

तेव्हा स्टुलावरून धोंडुबाईंचा आवाज आला, अगदी बारीक.

"गौतमी चहात साखर लई घालायची," त्या म्हणाल्या. "मी वराडायची तिच्यावर. मग मी न्हाणीत गेले की गुपचूप आणखी एक चमचा घालायची. मला कळायचं. मी बाहेर येताना मुद्दाम भांडं वाजवायची, तिला डबा झाकायला सवड मिळावी म्हणून..."

साक्षी हसली, आणि हसता हसता टाके ताणले म्हणून कळवळली. आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून बसलेल्या मीनाबाई, एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच, चारचौघांच्या देखत, मोठ्यानं रडल्या.